कोण कोणास म्हणाले

बसा. साईराज, ती मोबाईलची बॅटरी बंद कर, डोळ्यांत येते. लाइट काय इतक्यात येत नाय. कशेळ्याला खांब पडलाय म्हणे, म्हणजे आता उद्याच्या गोष्टी. कुणाला मागं जाऊन यायचं असंल तर आत्ताच जाऊन या. मधे कुणी उठलं तर मी तिथंच थांबणार, मग पाया पडलात तरी पुढं सांगणार नाय.

आणि नाना, तुमी भूत बघितलंय काय, असं विचारू नका. तीस वर्षं कर्जत-कशेळे लाइनवर जीप मारली मी. रात्री-अपरात्री, पावसात, अवसेला. फुकट बसणारे लय भेटले, पण ते सगळे जिवंत होते. तेव्हा मी बघितलंय असं म्हणणार नाय. ज्याला भेटलं तो आपल्या वरच्या आळीचा रूपेश. रोज पहाटे मान खाली घालून नाक्यापर्यंत चालत जातो बघा, खालापूरच्या कंपनीत कामाला हाय, तो. चांगला पगार, सुपरवायझर माणूस, आणि दारात गाडी नाय. असं का, ते आज सांगतो. मी त्याच्या मागं बोलतोय असं समजू नका. त्यानंच सांगितलंय मला, "नाना, पोरांना सांगून ठेवा. माज्या तोंडानं व्हत नाय."

तर ऐका.

रूपेश आणि संतोष चुलत भाऊ. संतोष मोठा. दोघांच्या भाताच्या शेतांमधे एक बांध. आता बांधाचं तुमाला काय सांगू, तुमच्यातल्या निम्म्यांनी कुदळ हातात धरली नाय. दरसाल लावणीच्या आधी बांध साफ करतात, आणि संतोष साफ करता करता कोरायचा. आपल्या बाजूनं कोरून माती रूपेशच्या बापाच्या बाजूला टाकायचा, म्हणजे बांध तिकडं सरकायचा. दरसाल थोडा. बाप म्हणजे धाकलूबाबा, गरीब माणूस, आवाज चढवून कधी बोलला नाय. एका वर्षी मात्र तो बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, आता बस झालं. संतोषनं त्याला बाजूला सारलं. मारलं नाय. नुसतं सारलं. पण म्हातारा पडला तो चिखलात, तोंडावर, आणि लावणीला आलेल्या सगळ्या बायकांसमोर.

उठला तो. पण हाय खाल्ली त्यानं.

किरण, हाय खाणं म्हणजे काय ठाऊक हाय ना? का इंग्लिश मिडियमला शिकवत नायत? माणूस जेवतो, झोपतो, चालतो, आणि आतून सुटत जातो. धाकलूबाबानं ती दिवाळी बघितली नाय. सरणापाशी संतोष आला होता, रीतीप्रमाणं. रूपेश त्याला सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "तू पडशील ना, तवा मी बी तुला उचलनार नाय." लोकांना वाटलं, दुःखात बोलला. पोरगं शांत हाय, विसरंल.

पुढच्या भादव्यात संतोष गेला. कशेळ्याहून आपल्या गावाकडं वळलं की ओहोळावर रस्त्याखालची मोरी लागते ना, तिच्या कडेवरून गाडीसकट खाली. सकाळी गुराख्यांना दिसला. उजवा पाय गाडीखाली चिरडलेला, अर्धं अंग चिखलात. कुत्रं आडवं आलं असंल, असं ठरलं. मागं बायको मैना आणि पोरगी समिधा. समिधा तेव्हा दहावीला.

आणि मग सगळ्या गावानं बघितलं, की रूपेश कसा त्यांच्या दारात उभा राहिला. बांध त्यानं होता तसा सोडून दिला, उलट मैनाच्या शेताची लावणी आधी, स्वतःची मागनं. समिधाची फी, समिधाचा दाखला, समिधाला कर्जतच्या कॉलेजात घातलं ते यानं. संध्याकाळी ती जीपनं कशेळ्यापर्यंत यायची आणि तिथून हा तिला गाडीवर घरी आणायचा. बायका म्हणायच्या, सख्खा बाप एवढं करत नाय. पोरगी पण तशीच. "काका, काका" करत मागं. रूपेशचं लग्न नव्हतं झालं, घरात तो आणि आई. जीव लावायला त्याला हीच एक होती.

पण पोटात एक गोष्ट होती त्याच्या. ती समिधाला कळली तर ती पुन्हा काका म्हणणार नव्हती. तीन वर्षं त्यानं ती कुणाला सांगितली नाय. आईला नाय, देवाला नाय.

आता नाटकाचं सांगतो. हसू नका, भुताच्या गोष्टीत नाटकच मुख्य हाय.

समिधाला कॉलेजात एक नाटक अभ्यासाला लावलं होतं. शोकांतिका. शेवटी सगळं वाईट होणार, हे पहिल्या पानापासून ठरलेलं, तसलं. मी जीपमधे तिच्या तोंडून एवढ्यांदा ऐकलंय, की मलापण पेपरला बसवलं असतं तरी पास झालो असतो. एका किल्ल्याचा दरवाजा राखणारा माणूस असतो. त्याच्या बापाला एका शिलेदारानं मारलेलं. पुढं लढाई होते आणि एका रात्री तोच शिलेदार जखमी होऊन दाराशी येतो. दार उघड म्हणतो. हा आतून आवाज ओळखतो आणि अडसर काढत नाय. तलवार नाय, काय नाय. नुसतं दार उघडत नाय. सकाळी दार उघडतो, तर उंबऱ्यापाशी प्रेत. तेव्हा तो म्हणतो, "सूड पुढं निघून जातो. मागं हाय."

वर्गात हे वाक्य वाचलं आणि सगळी पोरं फसकन हसली. का, ते तुमाला कळलं असंल. आपण 'आहे' कुठं म्हणतो. कोण हाय, घरी हाय, बरं हाय. त्यांना वाटलं, तो म्हणतोय, मागं आहे. मागं कोण आहे, सासू? सर शहरातले, चिडले. म्हणाले, अरे, हे तुमचं 'हाय' नव्हे. हाय म्हणजे तळतळ. जो तळमळत मेला त्याच्या जिवाची हाय. मारणाऱ्याचा राग सूड घेऊन निघून जातो, आणि मागं फक्त ती हाय उरते, असा अर्थ. पोरांनी लिहून घेतलं. मग सरांनी फळ्यावर लिहिलं, कोण कोणास म्हणाले? आणि विचारलं, रंगमंचावर त्या वेळी एकटा तोच आहे, दुसरं जिवंत माणूस नाही, मग तो हे कुणाला म्हणतो? उत्तर मी देणार नाही, परीक्षेत तुम्ही द्या.

पोरगी हैराण. रोज गाडीवर मागं बसून तेच. "काका, स्वतःला म्हनतो का ओ? का देवाला?" एकदा मोरीजवळ आले होते, तेव्हा तिनं विचारलं, "तुमाला काय वाटतं?" रूपेशचं हँडल हललं. "मला नाटकातलं काय कळतंय गं," म्हणाला.

हं. आता ती रात्र.

गेल्या वर्षीची. फाल्गुनातल्या अवसेची आदली रात्र, शुक्रवार. पाडवा दोन दिवसांवर. शनिवारी सकाळी समिधाचा मराठीचा पेपर, म्हणून ती कर्जतला मैत्रिणीकडं अभ्यासाला थांबली होती, आणि शेवटच्या जीपनं येणार होती. रूपेशला आईनं सांगितलेलं, येताना गुढीला साखरेच्या गाठी आण. दोन आण, एक मैनाला. दरसाल तो दोनच आणायचा.

कंपनीतून सुटायला त्याला उशीर झाला. कशेळ्याला आला तर बाजारातली लाइट गेलेली, आजच्यासारखीच. एक वाणी मेणबत्ती लावून बसला होता, त्याच्याकडून गाठी घेतल्या, पिशवी हँडलला अडकवली. मोबाईल बघितला तर तो बंद पडलेला. नाक्यावर गाडी उभी केली आणि समिधाची वाट बघत बसला. वाण्यानं पण दुकान ओढून घेतलं. समोरच्या टपरीवर एक कुत्रं होतं, तेवढीच सोबत.

त्याची गाडी जुनी. मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायची ती फुटरेस्टं असतात ना, त्यातलं डावं गंजून घट्ट बसलेलं. टाचेनं जोरात लाथ मारल्याशिवाय उघडत नाय. उघडलं की बंद करायलापण तेवढाच जोर. समिधा बसायच्या आधी रूपेश खाली उतरून ते उघडून द्यायचा, आणि ती बसली की उजवं स्वतः पायानं उघडायची. हे ध्यानात ठेवा.

"काका."

मागून हाक आली. त्याला डुलकी लागली होती, दचकला. अंधारात नीट दिसलं नाय, पण पोरी धुळीसाठी तोंडाला ओढणी गुंडाळतात, तसं काहीतरी दिसलं. आवाज ओढणीतून येतो तसा.

"आलीस? बस." मागचे शॉकअप दबले. त्यानं किक मारली. जीपचा आवाज कसा आला नाय, हे त्याच्या डोक्यात आलं ते फार नंतर.

निघाले. कशेळं मागं पडलं. आपल्या गावचा फाटा आला, वळले. हवेत मोहाच्या फुलांचा वास. रूपेश खुशीत होता, पाडव्याचं बोलला, आई तुला पुरणपोळीला बोलावतेय म्हणाला. मागून फक्त हं. परत हं. त्याला वाटलं, पेपरचं टेन्शन हाय.

"वाक्य पाठ झालं का गं?"

"झालं."

"म्हन बगू."

मग मागून आलं, "सूड पुढं निघून जातो." आणि मग पुन्हा थांबून, "मागं हाय."

रूपेश हसला. "अगं सरांसारकं म्हन की. हा-य. जरा लांबव. पेपरात काय आपल्यावानी म्हनून चालंल?"

"मागं हाय."

तसंच. सपाट. आपण म्हणतो तसं.

त्याला थंडी वाजली, फाल्गुनात. स्वतःलाच म्हणाला, दमलीय पोरगी. आरशात बघितलं, आरशात अंधार. आरसा वाकडा करून बघितला, तरी अंधारच.

"कोण कोणास म्हणाले?" मागून विचारलं. परीक्षेत विचारतात तसं, सावकाश, एकेक शब्द.

"तूच सांग. पेपर तुजा हाय."

"पेपर तुमचा हाय."

गाडी चालवत राहिला. त्यानं स्पीड वाढवला, मग लक्षात आलं, की पुढं मोरी हाय. मग कमी केला. मग वाटलं, थांबू नये. परत वाढवला. हात घामानं ग्रिपवरून सटकायला लागले.

"त्यानं दार का नाय उघडलं?"

"कुनी?"

"नाटकातल्यानं."

"...बापाला मारलं व्हतं ना त्याच्या."

"मारलं?"

रूपेशनं गिअर बदलला.

"मारलं का नुसतं सारलं?"

पोरांनो, समिधानं काकासमोर बांधाचा विषय कधी काढला नव्हता. तिच्या घरात तर त्याचं कुणी नाव घेत नव्हतं. आणि 'सारलं' हा शब्द... तो संतोषचा. तेव्हा तो गावभर सांगत फिरायचा, मारलं नाय ओ, नुसतं सारलं.

रूपेशची मान वळेना. वळवायची नाय असं त्यानं ठरवलंपण नव्हतं. ती वळेचना.

"गाडी हळू घे, रूप्या."

रूप्या.

त्याला रूप्या म्हणणारं एकच माणूस होतं. लहानपणी दोघं याच ओहोळात खेकडे धरायचे, तेव्हापासून. आवाज अजून समिधाचाच होता. तेच वाईट होतं, म्हणाला मला रूपेश. आवाज संतोषचा असता तर मी ओरडलो असतो, गाडी टाकून पळालो असतो. पण पोरीचाच आवाज. पोरीला टाकून कसा पळू.

मोरी आली.

"हितं बंद केलीस ना?"

रूपेशनं चावी फिरवली. त्याच्या हातानंच. दिवा गेला. इंजिन गेलं. गाडी थोडी घरंगळली आणि मोरीवर थांबली, नेमकी. ओहोळ कोरडा. पाण्याचा आवाज नाय. रातकिडे... ते पण नाय.

आता ती पोटातली गोष्ट सांगतो. भादव्यातल्या त्या रात्री रूपेश सेकंड शिफ्ट करून येत होता. पाऊस नुकता थांबलेला. मोरीवर आला आणि दिव्यात त्याला चिखलावर घसरल्याची खूण दिसली. खालून आवाज आला, "कोन हाय?"

त्यानं आवाज ओळखला. आणि चावी फिरवली. दिवा बंद.

"कोन हाय रं? पाय अडकलाय माजा."

रूपेश अंधारात उभा राहिला. किती वेळ, ते त्याला ठाऊक नाय. त्याला बाप दिसत होता, तोंडावर चिखल, आणि बाजूला लावणीच्या बायका. मग त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली आणि पायांनी ढकलत, आवाज न करता, मोरी ओलांडली. मागून एकदा अजून आलं. "कोन हाय?" लांबून. त्यानं पुढं जाऊन किक मारली. घरी गेला. आईनं वाढलं, तो जेवला. ताटातला भात पुरा खाल्ला, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. पुरा खाल्ला, नाना.

संतोष पहाटेपर्यंत जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले.

तर त्याच मोरीवर हा बसलेला. गाडी बंद. मागचे शॉकअप दबलेले. खाली ओहोळाकडं बघायची हिंमत नाय. पण आवाज खालून आलाच नाय.

मागून आला. कानाजवळ.

"कोन हाय?"

रूपेशचा हात चावीकडं गेला.

"कोन हाय?"

...

"मी."

"मी कोन?"

"मी हाय. रूपेश हाय रं, संतोष. मी... व्हतो. हितंच व्हतो. तू हाका मारल्यास, मी ऐकलं. मी ओ दिली नाय."

मागं काय नाय. श्वास नाय. हालचाल नाय.

किती तरी वेळ.

मग मागचे शॉकअप वर आले. हळू, माणूस उतरतो तसे.

त्यानं गाडी कशी चालू केली, घरी कसा आला, ते विचारू नका, त्यालाच ठाऊक नाय. आला तो थेट मैनाच्या अंगणात. आणि ओट्यावर कंदील घेऊन समिधा बसलेली. मांडीवर पुस्तक.

"काका, फोन का बंद तुमचा? नानांची जीप लवकर भरली, नाक्यावर तुमी नव्हता, नाना म्हनाले बस, मी गावातच चाललोय. मी कितीदा फोन लावला." खरं हाय ते. मीच आणलं होतं तिला, मघाशीच. अभ्यास करून करून पोरीचे डोळे सुजलेले. जीपमधे पण तेच वाक्य.

रूपेशनं गाडीकडं वळून बघितलं. उजवं फुटरेस्ट मिटलेलं.

डावं उघडं.

त्यानं त्याला हातपण लावला नव्हता त्या दिवशी.

"काका, पानी देऊ का? घामानं निथळताय."

"नको," म्हणाला तो. खाली बसला, ओट्यावर नाय, अंगणात. "आदी ऐक. पानी मग दे. द्यावंसं वाटलं तर."

आणि त्यानं सांगितलं. तीन वर्षांचं सगळं, काय न लपवता. मैना आतून कधी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, ते त्याला कळलं नाय. समिधाच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं. संपल्यावर मैनानं एकच विचारलं, "तुजं नाव घेतलं त्यानं?"

"नाय, वैनी. त्याला ठाऊकच नव्हतं कोन हाय ते. तेच इचारत व्हता."

मैना आत वळली. "समिधा, आत ये. दार लाव."

समिधा उठली. आत गेली. रूपेशला वाटलं, झालं. मग ती परत आली, हातात पाण्याचा तांब्या. तो तिनं ओट्याच्या कडेला ठेवला. त्याच्या हातात नाय दिला. कडेला ठेवला. काका म्हणाली नाय. आणि दार लावलं, आतून अडसर घातल्याचा आवाज आला.

रूपेश बराच वेळ बसला. मग ते पाणी प्यायला, तांब्या उपडा ठेवला, गाडीची चावी त्याच्या शेजारी ठेवली आणि चालत घरी गेला. ती गाडी न्यायला तो परत आला नाय. दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. दोन्ही गाठी आत. पाडव्याला मैनाच्या गुढीला गाठी नव्हती, मी बघितलं.

पेपर? दिला तिनं. मीच सोडली कर्जतला. वाटेत तिनं पुस्तक उघडलं नाय. आलं होतं ते वाक्य, संदर्भासह स्पष्टीकरण, कोण कोणास म्हणाले. संध्याकाळी आणायला गेलो, तर मी विचारलं, काय लिहिलंस गं? म्हणाली, "नाना, मी लिवलं, जो मेला तो म्हनाला. जो जिता राहिला त्याला. तोंड फक्त जित्याचं." सरांनी गुण कापले म्हणे. कापू देत. सर शहरातले, त्यांना 'हाय' एकाच अर्थानं ठाऊक.

रूपेश अजून त्या दारात जात नाय. लावणीला मात्र मैनाच्या शेतात लांबच्या टोकाला उभा असतो, आणि मैना त्याला हाकलत नाय. बांध त्यानं संतोषनं कोरायच्या आधी होता तिथं परत घातला, दोन्हीकडून सारखा. यापुढं काय होईल, ते मला विचारू नका, मी जीपवाला हाय, देव नाय.

गाडीचं तेवढं सांगतो. ती महिनाभर मैनाच्या अंगणात उभी होती. मग वैशाखात समिधानं ती चालवायला घेतली. शिकवली कुणी, या साईराजनं, विचारा त्याला. बोल की रं. बघा, आता कसा गप्प बसलाय. एकटीच कशेळ्यापर्यंत जाते, एकटीच येते, मागं कुणाला घेत नाय.

एकदा सकाळी मी तिच्या अंगणासमोर जीप थांबवली होती. पोरगी निघायच्या तयारीत. गाडीवर बसण्याआधी तिनं काय केलं, तर वळून डाव्या बाजूला टाचेनं जोरात लाथ मारली. डावं फुटरेस्ट उघडलं. उजव्याला हात लावला नाय. मी म्हटलं, "कशाला उघडतेस गं? मागं कोण बसतंय?"

कॉलेजात जायला लागल्यापासून पोरगी माझ्याशी अधूनमधून 'आहे-नाही' बोलायला लागली होती. त्या दिवशी नाय बोलली.

"मागं हाय," म्हणाली, आणि किक मारून गेली.

संध्याकाळी ती परत आली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघितलं. पोरगी आत गेल्यावर, कंदील घेऊन, वाकून. फुटरेस्टच्या रबरावर चिखल होता. ओला, काळा, ओहोळातला असतो तसा, बोटाला लागला माझ्या. वैशाख चालला होता. ओहोळात होळीपासून पाण्याचा थेंब नव्हता.